मास्टर पाठवावा की तारीख पुढे ढकलावी : चाचणी अपुरी असताना

व्हिडिओ गेमची डिस्क 'गोल्ड मास्टर' म्हणून मंजूर झालेल्या प्रतीवरून छापली जाते. छपाई, वेष्टन आणि दुकानांपर्यंतची वाहतूक यांत काही आठवडे जात असल्याने मास्टर द्यायचा दिवस विक्रीच्या दिवसाच्या बराच आधी येतो. विक्रीची तारीख जाहीर झालेली आहे, जाहिरातींवर पैसा खर्च झालेला आहे आणि चाचणी विभागाच्या यादीतील गंभीर बग (सॉफ्टवेअरमधील दोष) अद्याप सुटलेले नाहीत, अशा वेळी एक तर आहे तो मास्टर छपाईला देऊन उरलेली दुरुस्ती पहिल्या दिवसाच्या पॅचवर, म्हणजे इंटरनेटवरून उतरवून घ्यायच्या दुरुस्तीवर, सोपवावी लागते, नाही तर तारीख पुढे ढकलावी लागते. ज्यांना हा निर्णय घ्यायचा आहे, त्यांनी दोन्ही वाटांनी गेलेल्यांचा जमाखर्च शेजारी शेजारी ठेवून पाहावा.

पहिल्या वाटेचे सर्वांत गाजलेले उदाहरण पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचे आहे. 'सायबरपंक २०७७' गोल्ड झाल्याचे, म्हणजे त्याचा मास्टर मंजूर झाल्याचे, कंपनीने ऑक्टोबर २०२० च्या प्रारंभी जाहीर केले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस विक्रीची तारीख १९ नोव्हेंबरवरून १० डिसेंबरवर नेली. जुनी-नवी यंत्रे धरून गेमच्या नऊ आवृत्त्या एकाच वेळी तपासाव्या लागत आहेत आणि पहिल्या पॅचचे काम चालूच आहे, असे कारण तेव्हा देण्यात आले. म्हणजे छपाईला गेलेली प्रत पूर्ण नाही हे आतल्या लोकांना ठाऊक होते. समीक्षकांना आधी केवळ पीसी आवृत्ती मिळाली. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर गेम वारंवार बंद पडतो आणि चित्रे धूसर दिसतात, हे ग्राहकांना पैसे मोजल्यावर कळले. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि जून २०२१ मध्येच परत घेतला.

तरीही हे उदाहरण निव्वळ धडा म्हणून सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पहिल्या दहा दिवसांत गेमच्या १ कोटी ३० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या, आणि सप्टेंबर २०२३ मधील २.० या आवृत्तीनंतर त्याची प्रतिष्ठाही बरीचशी सावरली. परंतु या सावरण्याला पावणेतीन वर्षे लागली, आणि तेवढा काळ मोठा चमू पोसण्याइतका पैसा कंपनीजवळ होता. ज्या स्टुडिओची पुढच्या सहा महिन्यांच्या पगाराची तरतूद याच विक्रीवर अवलंबून आहे, त्याने सायबरपंकचा दाखला देऊन स्वतःची समजूत घालू नये.

दुसऱ्या बाजूला शिकागोच्या बंजी कंपनीचे १९९८ मधील उदाहरण आहे. 'मिथ २' च्या सुमारे दोन लाख डिस्क तयार झाल्यावर त्याच्या अनइन्स्टॉलरमध्ये, म्हणजे गेम संगणकावरून काढून टाकणाऱ्या प्रोग्राममध्ये, दोष सापडला. गेम ज्या फोल्डरमध्ये बसवला असेल तो संपूर्ण फोल्डर हा अनइन्स्टॉलर पुसून टाकत असे. एखाद्याने तो ठरलेल्या जागी न बसवता थेट हार्ड डिस्कच्या मुळाशी बसवला असेल, तर त्याच्या डिस्कवरचे सगळेच जाणार होते. बहुतेक ग्राहक ठरलेल्या जागीच गेम बसवतात, त्यामुळे नुकसान मोजक्यांचेच झाले असते, असा युक्तिवाद सहज करता आला असता. बंजीने तो केला नाही. डिस्क माघारी बोलावल्या गेल्या आणि या निर्णयाची किंमत सुमारे आठ लाख डॉलर पडली. त्या काळी मोडेमवरून पॅच उतरवून घेणाऱ्यांची संख्या लक्षात घेता दुसरा इलाजही नव्हता. मात्र मला वाटते, आजच्या इंटरनेटच्या वेगातही हाच निर्णय योग्य ठरला असता, कारण पुसली गेलेली फाइल कोणताही पॅच परत आणत नाही.

थांबण्याची वाट नेहमी फळतेच असे नाही, हे पुणे-मुंबईच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या याच दोन शहरांतील स्टुडिओंकडे असलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'चा रीमेक जानेवारी २०२१ मध्ये यायचा होता. तो आधी मार्चवर आणि मग बेमुदत पुढे गेला, आणि मे २०२२ मध्ये काम कंपनीच्याच माँट्रियल स्टुडिओकडे सोपवण्यात आले. वाढीव मुदत चाचणीत सापडलेल्या बगसाठी उपयोगी पडते. गेमच्या घडणीबद्दलच समाधान नसेल, तर तीन महिन्यांनी फारसे काही साधत नाही.

म्हणून बगची एकूण संख्या या निर्णयात जवळजवळ निरुपयोगी आहे. सेव्ह फाइल बिघडवणारा, इन्स्टॉलेशन अडवणारा किंवा ग्राहकाच्या इतर माहितीला हात लावणारा एकही बग शिल्लक असेल तर मास्टर देऊ नये, मग विक्रेते कितीही नाराज होवोत. फ्रेम रेट (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) घसरणे, संवाद आणि ओठांची हालचाल न जुळणे, एखादे उपकथानक अडकणे, असे दोष पॅचवर सोडता येतात. मात्र इंटरनेटची जोडणी तोडून, केवळ डिस्कवरच्या प्रतीने, गेम आरंभापासून शेवटापर्यंत खेळून झालेला असला पाहिजे. २०१५ च्या 'टोनी हॉक्स प्रो स्केटर ५' मध्ये पहिल्या दिवसाचा पॅच डिस्कवरील मजकुरापेक्षाही मोठा होता आणि पॅचविना शिकवणीचा भाग व पार्क रचण्याची सोय एवढेच हाती लागत असे. अशी डिस्क विकणे म्हणजे पूर्ण किमतीत पावती विकणे होय.

प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे गेमचे यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या, सर्टिफिकेशनवरही फार विसंबू नये. त्यात यंत्राचे नियम पाळले गेले आहेत की नाहीत हे प्रामुख्याने पाहिले जाते. गेम चांगला चालतो की नाही याची हमी त्यातून मिळत नाही. दोन्ही पारडी खरोखरच समतोल वाटत असतील, तर डिजिटल विक्री ठरल्या तारखेला सुरू करून डिस्कची छपाई एक-दोन पॅचनंतर करण्याचा मध्यम मार्ग आहे. दुकानदारांना तो आवडत नाही, सणासुदीची विक्रीही काही अंशी हुकते, परंतु छापून गोदामात पडलेल्या सदोष प्रतींपेक्षा हा तोटा आधीच मोजता येतो आणि प्रकाशकाशी करार करतानाच त्याची तरतूद करता येते.