लॉनवरच्या वाढदिवसासाठी आप्पेपात्र: घ्यावं का, आणि कोणतं?

निकाल आधी: १२ खळग्यांचं, जाड बुडाचं, फुगीर झाकणाचं आप्पेपात्र घ्या. लॉनवर, गच्चीवर किंवा बागेत पोट्ट्यांचा वाढदिवस असेल आणि खाणं घरून करून न्यायचं असेल, तर ते पहिल्याच वेळी कामी येतं. ७ खळग्यांचं मात्र या कामाला घेऊ नका.

कारण साधा हिशोब आहे. २५ मुलं, प्रत्येकी ४ आप्पे, म्हणजे १००. एका घाण्याला झाकण ठेवून साडेतीन-चार मिनिटं, उलटून दोन मिनिटं, काढण्या-भरण्यात आणखी एक, असे सातेक मिनिटं जातात. १२ खळग्यांत ९ घाणे, साधारण एक तास. ७ खळग्यांत १५ घाणे, म्हणजे पावणेदोन तास गॅससमोर, आणि शेवटचा घाणा निघेपर्यंत पहिला गार होऊन गेलेला.

मुळात आप्पेच का? बाहेरच्या पार्टीत खाणं गरम मिळत नाही. घरून निघाल्यापासून केक कापेपर्यंत दीड-दोन तास सहज जातात. म्हणून पदार्थाची परीक्षा गार झाल्यावर घ्यायची. फ्रोझन बटाट्याच्या स्मायली तळल्या तळल्या मस्त, वीस मिनिटांत लुळ्या. बटाट्याचा छोटा समोसा आतल्या वाफेनं मऊ पडतो. मूगडाळीच्या सारणाची कोरडी कचोरी टिकते, पण ती तिखट असते. सांबारवडी तर आपली नागपूरकरांची हक्काची, पण सांबार, म्हणजे कोथिंबीर, धुऊन पूर्ण कोरडा केला नसेल तर सारणाला पाणी सुटतं आणि वडी तळतानाच फुटते. शिवाय ती गरम खायची, कढीसोबत. लॉनवर कढी सांभाळत कोण बसणार? आप्पा गार झाला तरी आप्पाच राहतो, हात तेलकट करत नाही आणि दोन घासांत संपतो.

आता पात्राबद्दल. बिडाचं चव सर्वांत चांगली देतं, कडेला खरपूस सोनेरी पापुद्रा येतो. पण ते जड असतं, आणि नवं असताना तेल लावून मंद आचेवर दोन-तीनदा तापवून, कापलेला कांदा घासून तयार करावं लागतं. तरी पहिले एक-दोन घाणे चिकटतातच, ते घरच्यांच्या नाश्त्याला. पार्टीच्या आदल्या दिवशी इतवारीच्या बाजारातून बिडाचं पात्र आणून दुसऱ्या दिवशी १०० आप्पे काढायचा बेत करू नका. वेळ कमी असेल तर नॉनस्टिक घ्या. त्याची अट एवढीच की रिकामं तापवायचं नाही आणि उलटायला लाकडी काडीच वापरायची, चमच्याच्या टोकानं थर सोलला जातो. इंडक्शन असेल तर दुकानातच बुडाला लोहचुंबक लावून बघा. नाही चिकटला तर ते पात्र इंडक्शनवर तापणार नाही.

झाकण सपाट असेल तर फुगलेले आप्पे त्याला चिकटून माथे सोलले जातात, म्हणून फुगीर हवं. हा मुद्दा पाकिटावरच्या फोटोत कधीच कळत नाही.

सगळ्या आप्पेपात्रांचा एक दोष सारखाच आहे: मधले खळगे करपतात आणि कडेचे कच्चे राहतात, कारण घरच्या बर्नरची ज्योत मध्ये असते. उपाय म्हणजे पीठ कडेपासून घालत मध्ये यायचं आणि उलटताना मधले आधी उलटायचे. तरी जमत नसेल तर पात्राखाली जुना तवा ठेवा. वेळ थोडा वाढतो, पण रंग सारखा येतो. खळगा पाऊणच भरायचा, नाहीतर शेजारचे आप्पे एकमेकांना चिकटतात.

पीठ कोणतं? रव्याचे झटपट आप्पे गरम असताना छान, गार झाले की कोरडे आणि घशात अडकणारे. पार्टीला आंबवलेलंच घ्या. ६०० ग्रॅम तांदूळ, २०० ग्रॅम उडीद डाळ, दोन मुठी पोहे, एक चमचा मेथीदाणे. यात २५० ग्रॅम किसलेलं गाजर आणि ठेचलेले मटार मिळून शंभराच्या आसपास आप्पे होतात. गार आप्पा मऊ राहतो तो उडीद आणि पोह्यांमुळे. कांदा टाळा, त्याला पाणी सुटतं आणि बंद डब्यात वास धरतो. मिरची चटणीत ठेवा, पिठात नको. चीजचा तुकडाही नको: गार झाल्यावर तो रबरासारखा लागतो, आणि बुडाजवळ गेला तर वितळून खळग्याला चिकटतो.

नागपूरच्या हवेत आंबवणं हा वेगळाच विषय. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांजवळ येतो, तेव्हा पीठ १४-१६ तासांतही आळशासारखं पडून राहतं. दिवा लावलेल्या बंद ओव्हनमध्ये ठेवा, नाहीतर कोमट पाण्याच्या पातेल्यात. मीठ आंबल्यावर घाला. मे महिन्यात हेच पीठ पाच-सहा तासांत चढतं आणि त्यानंतर आंबट होतं. तेव्हा आंबलं की लगेच फ्रिजमध्ये.

आदल्या दिवशी करून ठेवायचे असतील तर आप्पे फ्रिजमध्ये ठेवू नका, ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. फ्रिजच्या थंडाव्यात शिजलेल्या भातातला, पिठातला स्टार्च सर्वांत लवकर कडक होतो. एक तर पीठ फ्रिजमध्ये ठेवून आप्पे त्याच सकाळी करा, किंवा पूर्ण गार करून थेट फ्रीझरमध्ये टाका. निघण्यापूर्वी न वितळवता इडलीपात्रात आठ-दहा मिनिटं वाफवले की ते पुन्हा मऊ होतात. बाहेरचा खरपूसपणा मात्र जातो, तेवढं सोडून द्यावं लागतं.

भरताना घाई नको. गरम आप्पे डब्यात कोंबले की वाफेचं पाणी होऊन तळ चिकट होतो. जाळीवर पसरून २० मिनिटं, मग सुती कापड घातलेल्या डब्यात, दोनच थर. डबा उघडला की लवकर संपवा. मार्च संपता संपता उन्हात ठेवायची वेळ आली तर आणखी लवकर. ओल्या नारळाची चटणी सर्वांत आधी बिघडते. तिच्याऐवजी डाळ्याची कोरडी चटणी, नाहीतर सॉसची पाकिटं न्या. टूथपिक लावून सजवू नका, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात ती काडी धोक्याची.

गोडासाठी त्याच पात्रात केळ्याचे आप्पे निघतात: १५० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम गूळ, एक पिकलेलं केळं, लागेल तेवढं पाणी. वीस-बावीस होतात. गुळामुळे ते लवकर करपतात, आच अगदी मंद ठेवा. पण हाच गूळ ओलावा धरून ठेवतो, म्हणून दुसऱ्या दिवशीही ते मऊ लागतात. हे करायला वेळ नसेल तर संत्रा बर्फीचे छोटे तुकडे पुरतात. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री बाजारात असतातच, तीही न्या: सोलून, फोडीतल्या बिया काढून, वेगळ्या डब्यात. आप्प्यांच्या डब्यात ठेवली तर रस खाली उतरतो.