ब्लॅक हॅमर : आठ महिने आणि तीन वाचनांनंतर

ब्लॅक हॅमर या सुपरहिरो कॉमिकच्या लायब्ररी एडिशनचा, म्हणजे मोठ्या जाड पुठ्ठ्याच्या आवृत्तीचा, पहिला खंड घेऊन आठ महिने झाले आणि तो आतापर्यंत तीनदा पूर्ण वाचलाय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. पुढे कथानक थोडं फुटेल, ज्यांना अजिबात काही कळायला नकोय त्यांनी इथेच थांबा.

मूळ गोष्ट अशी की स्पायरल सिटी नावाच्या शहरात अँटी-गॉड नावाच्या खलनायकाशी झालेल्या लढाईनंतर त्यात लढलेले सुपरहिरो मेले असं जग समजतं, पण प्रत्यक्षात ते रॉकवूड नावाच्या खेडेगावाजवळ एका शेतावर अडकलेत, दहा वर्षं. गाव सोडून जाताच येत नाही. जो ब्लॅक हॅमर, म्हणजे ज्याच्या नावावर कॉमिक आहे तोच, बाहेर पडायला गेला आणि जीव गमावून बसला. जेफ लमीरने लिहिलंय, डीन ऑर्म्स्टनची चित्रं, डार्क हॉर्स प्रकाशनाने २०१६ पासून काढलं आणि २०१७ ला नव्या मालिकेसाठीचा आयझनर हा कॉमिक्सचा पुरस्कारही मिळाला.

आणि हे गाव खरं नाहीच. खोटं जग म्हटलं की मला वाटलं कॉम्प्युटर, वायरी, हिरवी अक्षरं वगैरे येणार. तसलं काहीच नाही. इथे आहेत गाई, गोठा, एक डायनर, एक चर्च आणि एक शेरिफ जो उगाच डोळे वटारतो. हे गाव बनावट आहे हे कसं कळतं तर ब्लॅक हॅमरची मुलगी लुसी, जी पत्रकार आहे, ती बापाला शोधत तिथे पोचते आणि गावच्या लायब्ररीत जाऊन पुस्तकं उघडते. सगळी पानं कोरी. कपाटं भरलेली, पुठ्ठे नीट, आणि आत एक अक्षर नाही. मी ते पान बघून खरंच पुस्तक मिटून ठेवलं होतं थोडा वेळ.

आता मुख्य मुद्दा. मी हे घेतलं तेव्हा साताऱ्याला आईबाबांकडे होते, अजूनही आहे. बाबांना अर्धांगवायू झाला म्हणून पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेली मी, त्याला तीन वर्षं झाली. पहिल्या वाचनात मी पूर्णपणे गेलच्या बाजूने होते. गोल्डन गेल ही अडकलेल्या हिरोंपैकी एक, पन्नाशी ओलांडलेली बाई आहे पण शरीर नऊ वर्षांच्या पोरीचं, मंत्राचा शब्द उच्चारून बदलता यायचं ते इथे येत नाही, रोज शाळेत जायचं, मागे लपून सिगरेट ओढायची, आणि कोणी काही ऐकूनच घ्यायचं नाही. तिचा संताप मला इतका पटला की अब्राहमचा राग यायचा, कारण तो म्हातारा हिरो शेतात रमलाय, डायनरमधल्या टॅमीच्या प्रेमात पडलाय आणि त्याला परत जायचंच नाही. टॅमी जेवायला येते आणि सगळ्यांना नॉर्मल कुटुंब असल्याचं नाटक करावं लागतं तो प्रसंग तर मी दात खाऊन वाचला.

तिसऱ्यांदा वाचताना तोच प्रसंग आला आणि मला अब्राहमबद्दल वाईट वाटलं. त्या माणसाने आयुष्यभर मार खाल्लाय, त्याच्याकडे शक्ती वगैरे काही नाही, नुसतं शरीर, आणि पहिल्यांदा कोणीतरी त्याच्यासाठी जेवायला येतंय. ते जग खोटं असलं तरी टॅमीवरचा जीव खोटा नाही ना! गेल चुकीची आहे असं मी अजूनही म्हणणार नाही. दोघं बरोबर आहेत आणि एकाच घरात राहतात, हीच या कॉमिकची ताकद.

पुस्तक म्हणून सांगायचं तर आकार मोठा, पुठ्ठा जाड, वजन भरपूर, पोटावर ठेवून वाचायचा प्रयत्न करू नका, टेबलच लागतं. बाइंडिंग आठ महिन्यांत जराही ढिलं नाही. ज्या दुकानातून मागवलं त्यांनी पातळ पाकिटात पाठवलं, कोपरा दुमडून आला आणि बदलूनही दिला नाही, तेवढं मनाला लागलं. मी आधी मोबाईलवर काही अंक वाचले होते, पण त्यात डेव्ह स्ट्युअर्टच्या रंगांची पार वाट लागते, शेतावरचे मळकट रंग नुसते काळे दिसतात. छापील प्रत घ्या.

पुढचा भाग, एज ऑफ डूम, मी नंतर वाचला. त्यात मधेच अडकलेल्यांपैकीच एक, कर्नल वीअर्ड, अर्धवट सोडून दिलेल्या पात्रांच्या जगात जातो, रिच टॉमासोची चित्रं, ते दोन अंक मला आजही कंटाळवाणे वाटतात, ऐन रंगात आलेली गोष्ट थांबते.

पहिला अंक यायच्या आधी ऑर्म्स्टनच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, मालिका त्यामुळेच लांबली, आणि बरं होऊन त्याने पुन्हा चित्रं काढली. हे मी बाबांना सांगितलं. त्यांना इंग्रजी कॉमिक वाचायची सवय नाही, लहानपणी मला इंद्रजालचे वेताळ आणून द्यायचे तेवढाच त्यांचा संबंध, पण त्या दिवसापासून ते रोज दुपारी पुस्तक मागतात. उजवा हात चालत नाही म्हणून डाव्या हाताने ते जड पान उलटतात, मी शेजारी बसून मराठीत सांगते. परवा लायब्ररीचं पान आलं. बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, पुढे.