दुनळी, रायफल की रिव्हॉल्व्हर: ठाण्यातल्या घरासाठी एक परीक्षण

वडिलांची बारा बोअरची दुनळी बंदूक वारस म्हणून माझ्या परवान्यावर आली. परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगले की ते वारसाकडे सोपवता येते, ही शस्त्र नियम २०१६ मधील तरतूद आम्हाला उपयोगी पडली. मुरबाडकडच्या वाडीवर रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी घेतलेली ही बंदूक आता घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सदनिकेत, कुलूपबंद लोखंडी कपाटात असते. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे बाळगता येतात. तेव्हा दुसरे घ्यावे का, हे ठरवण्यासाठी एका परवानाधारक दुकानात जाऊन मी .३१५ ची रायफल आणि .३२ चे रिव्हॉल्व्हर (हे आकडे म्हणजे नळीचे इंचांतील माप) हाताळून पाहिले.

रायफलीचा निकाल लवकर लागला. इशापूरच्या कारखान्यातली ही बोल्टची, म्हणजे दर बारानंतर हाताने खिट्टी ओढून पुढची गोळी भरायची, रायफल बांधणीने भक्कम आहे, मॅगझिनमध्ये पाच गोळ्या बसतात आणि लांबचा नेम धरण्यासाठी ती चांगलीच आहे. पण आमच्या घरात सर्वांत लांबचे अंतर म्हणजे दारापासून गॅलरीपर्यंतचे, आणि दिवाणखान्याच्या चार इंची भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या मुलीची अभ्यासाची खोली आहे. सेकंदाला सहाशे मीटरहून अधिक वेगाने सुटणारी गोळी ती भिंत जुमानणार नाही. दुकानदार मात्र ‘ताकद’ एवढ्या एकाच शब्दावर अडून बसले होते आणि घर बंगला आहे की सदनिका, घरात लहान मुले आहेत का, हे त्यांनी एकदाही विचारले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले.

रिव्हॉल्व्हरचा मोह अधिक होता. कानपूरच्या शस्त्र कारखान्याचे ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर जानेवारी २०१४ मध्ये महिलांच्या संरक्षणाचा विचार पुढे ठेवून बाजारात आले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, गोळ्या सहा, आणि किंमत तेव्हाच लाखाच्या वर. एका हातात मावत असल्याने दुसरा हात फोनसाठी किंवा मुलाला धरण्यासाठी मोकळा राहतो, हा त्याचा खरा गुण. परंतु हलक्या शस्त्राची आखूड नळी नेमाच्या लहानशा चुकीलाही माफ करत नाही, आणि झोपेतून दचकून उठलेल्या माणसाचा हात थरथरणारच. शिवाय जे हत्यार उशीखाली किंवा ड्रॉवरमध्ये मावते, ते तिथेच ठेवले जाते, आणि मुलांच्या हाती लागण्याचा धोकाही तिथूनच सुरू होतो.

राहिली दुनळी. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक नेमकी ज्या नळीत बसेल ती नळी. हिचे छर्रे खोलीभर पसरतात, नेम धरावाच लागत नाही, ही समजूत चुकीची आहे: पंधरा फुटांवर छर्ऱ्यांचा पसारा जेमतेम तळहाताएवढा असतो, म्हणजे नेम हवाच. काडतुसाची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. बारीक छर्रे विटेच्या भिंतीत अडकतात, एलजी किंवा एसजी या प्रकारच्या काडतुसांतले जाड छर्रे मात्र लाकडी दार आणि फळीची आडभिंत आरपार करतात. अडचणी आहेतच, तीन फुटी पॅसेजमध्ये लांब नळी वळवता येत नाही, दोन बारांनंतर थांबावे लागते, दस्ता खांद्यात नीट रोवला नसेल तर धक्का चांगलाच बसतो, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात तेलाचा हात फिरवला नाही तर आठवड्याभरात नळीवर तांबूस ठिपके उमटतात.

तरीही तिन्हींत मी हिलाच पहिली पसंती देईन, आणि त्याचे कारण बार नव्हे, तिची घडण आहे. वरची कळ अंगठ्याने बाजूला सारली की बंदूक मधोमध मोडते, आणि ती खिडकीकडे धरली की दोन्ही नळ्यांतून उजेडाची दोन गोल वर्तुळे दिसतात. ती दिसली म्हणजे बंदूक रिकामी आहे, हे शेजारी उभ्या असलेल्या माझ्या पत्नीलाही त्याच क्षणी कळते. कपाटात ठेवण्यापूर्वी आम्ही दोघेही न चुकता ती पाहतो. काडतुसे वेगळ्या कुलपात असतात.

खरेदीआधी प्रत्येकाने भारतीय न्याय संहितेचे कलम ३७ वाचलेच पाहिजे. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर खाजगी बचावाचा हक्क उरत नाही, आणि हक्क असतानाही गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. चौदाव्या मजल्यावर, दार आतून बंद असताना, ११२ ला फोन लावण्याइतका वेळ बहुतेकदा मिळतोच.

म्हणून दुसरे शस्त्र मी घेतले नाही. त्या पैशांतून मुख्य दाराबाहेर लोखंडी जाळीचे दार बसवले आणि दोन्ही दारांना चांगली कुलपे लावली. निवडणुकीची आचारसंहिता लागल्यावर दुनळी पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, तेव्हा पत्नीने रोजच्यासारखीच बाहेरच्या जाळीची कडी ओढून पाहिली आणि आम्ही झोपलो.