‘ब्लीक हाउस’ : हजार पानांचा दावा

चार्ल्स डिकन्स यांची ‘ब्लीक हाउस’ ही कादंबरी मी मूळ इंग्रजीतून, पेपरबॅक आवृत्तीत, आंब्याचा हंगाम उरकल्यानंतरच्या पावसाळ्यात देवगडात वाचली. एरवी वर्तमानपत्र आणि दिवाळी अंक वाचणाऱ्या माणसाला एवढे जाडजूड पुस्तक झेपेल का, असे ओळखीच्या मंडळींनी विचारले, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे. पुस्तक जरूर घ्यावे, मात्र ते जसे लिहिले गेले तसेच, म्हणजे हप्त्याहप्त्याने वाचावे, असे माझे मत आहे. कोकणातल्या वाचकाला तर त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट कोणी समजावून सांगण्याची गरजच नाही.

ती गोष्ट म्हणजे वारसाहक्काचा दावा. लंडनच्या चान्सरी न्यायालयात, म्हणजे वारसा आणि मालमत्तेचे दावे चालवणाऱ्या न्यायालयात, ‘जार्नडीस विरुद्ध जार्नडीस’ हा खटला एका मृत्युपत्रावरून पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे; मूळ वाद काय होता हे आता वकिलांनाही धड सांगता येत नाही, आणि नवी मुले जन्माला येतात ती पक्षकार म्हणूनच. हे सारे अतिशयोक्त वाटू नये म्हणून डिकन्स यांनी प्रस्तावनेत त्या वेळी चालू असलेल्या एका खऱ्या दाव्याचा दाखला दिला आहे. तो जवळजवळ २० वर्षे चालला होता, त्यात एका वेळी ३० ते ४० वकील उभे राहत, खर्च ७० हजार पौंडांपर्यंत गेला होता आणि निकाल मात्र सुरुवातीला होता तितकाच दूर होता.

सातबाऱ्यावर दोन-तीन पिढ्यांची नावे चढलेली, वाटपाचा दावा पडून राहिलेला आणि मुंबईच्या हिस्सेदारांची संमती येईपर्यंत घराची कौलेसुद्धा कोणी परतायची नाहीत, अशी घरे आपल्याकडे कोणत्या गावात नाहीत? कादंबरीत ‘टॉम-ऑल-अलोन्स’ नावाची अशीच एक वस्ती आहे. दाव्यात अडकल्यामुळे तिची डागडुजी कोणी करीत नाही, भिंती ढासळतात, तेथे रोगराई पसरते, आणि ती रोगराई पुढे सुखवस्तू घरांपर्यंतही पोहोचते. मिस फ्लाइट ही वृद्ध बाई पिशवीत कागदपत्रे घेऊन रोज न्यायालयात हजर राहते आणि निकाल लागला की सोडून देऊ, म्हणून तिने घरात पक्षी पिंजऱ्यात ठेवले आहेत. त्यांना तिने आशा, आनंद, तारुण्य, शांती, राख, विनाश, मृत्यू अशी नावे दिली आहेत. तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात जुने फेरफार प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बसलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला हे पान वाचून पुढे जाववत नाही.

मला सर्वांत जास्त चटका लावला तो रिचर्ड कार्स्टन या तरुणाने. तो हुशार आहे, मनाने चांगला आहे, आणि दाव्याचा निकाल लागला की पैसाच पैसा, या भरवशावर आधी वैद्यकी सोडतो, मग वकिली सोडतो, मग सैन्यात जातो. शेवटी ज्या पालकाने त्याला प्रेमाने सांभाळले त्याच्यावरच संशय घेऊ लागतो. हा बदल डिकन्स एका प्रसंगात दाखवत नाहीत. तो शेकडो पानांतून इतका हळूहळू घडतो की वाचकालाही तो उशिरा कळतो. म्हणूनच हे पुस्तक संक्षिप्त रूपात वाचू नये, असे मी आग्रहाने सांगेन. लांबी कापली की दाव्याचा काळ जाणवत नाही, आणि काळ जाणवला नाही तर रिचर्ड केवळ मूर्ख वाटतो.

मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ या काळात ही कादंबरी मासिक हप्त्यांनी निघाली. एका हप्त्यात ३२ पाने, दोन चित्रे आणि किंमत एक शिलिंग. शेवटचा हप्ता तेवढा जोडअंक होता. (१८२८ साली स्थापन झालेले रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय तेव्हा २४ वर्षांचे झाले होते, हे लक्षात आल्यावर तो काळ मला एकदम जवळचा वाटला.) माझ्या प्रतीत प्रत्येक हप्ता कोठे संपत होता याची खूण दिलेली आहे, आणि ही सोय अत्यंत मोलाची आहे. साधारण तीन-चार प्रकरणे वाचून थांबावे, दोन-चार दिवस जाऊ द्यावेत आणि मग पुढे जावे. दहावा हप्ता ३२व्या प्रकरणात क्रुक या भंगारवाल्याच्या विलक्षण मृत्यूवर संपतो. तेव्हाच्या वाचकांना त्यापुढे महिनाभर वाट पाहावी लागली होती.

सुरुवात अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. पहिल्याच पानावर नोव्हेंबरमधला लंडनचा चिखल आणि धुके यांचे वर्णन तुटक, क्रियापद नसलेल्या वाक्यांत येते. ते मोठ्याने वाचावे, म्हणजे त्याची लय सापडते. दुसऱ्या प्रकरणात लेडी डेडलॉक या उमरावपत्नीच्या वाड्याच्या दगडी गच्चीवर पावसाचे थेंब टपटपत राहतात. बाहेर आपला आषाढ कोसळत असताना ते वाचण्यात वेगळाच आनंद आहे. साधारण निम्मी कथा एस्थर समरसन ही तरुणी भूतकाळात सांगते आणि उरलेली एक तटस्थ निवेदक वर्तमानकाळात सांगतो, एवढे आधी ठाऊक असले की गोंधळ होत नाही. एस्थरचा सततचा विनय मला अधूनमधून जड गेला, आणि फुकटखाऊ स्किम्पोलची भाषणे निम्म्याने कमी चालली असती. पण रस्ता झाडणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या ‘जो’ नावाच्या पोराचे ४७वे प्रकरण वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो.

आता प्रतीविषयी. सुरुवातीला पात्रांची यादी आणि शेवटी कायद्याच्या शब्दांवरील टिपा आहेत. दोन्ही मला वारंवार उपयोगी पडल्या. मूळ चित्रकार फिझ यांची चित्रेही आहेत, परंतु छपाई इतकी काळवंडलेली आहे की त्यांच्या प्रसिद्ध गडद चित्रांतल्या बारीक रेषा एकमेकींत मिसळून जातात, आणि टॉम-ऑल-अलोन्सच्या निर्मनुष्य गल्लीचा परिणाम त्यामुळे बराच उणावतो. अक्षर बारीक आहे, ओळी दाट आहेत. आपल्याकडच्या दमट हवेत पाने फुगली, मुखपृष्ठ कडेने वळले आणि मधल्या भागातला डिंक सुटला, तेव्हा पावसाळ्यात वाचणार असाल तर पक्क्या बांधणीचीच प्रत घ्यावी. चाळिशी लागलेल्यांनी मोबाइलवर किंवा ई-वाचकावर अक्षर मोठे करून वाचले तरी चालेल. स्वामित्वहक्क केव्हाच संपलेला असल्याने ही कादंबरी प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.