ट्रेलर ओढायला जुनी प्राडो की जुनी पजेरो?

टोयोटाची प्राडो, मित्सुबिशीची पजेरो: दोन्ही डिझेल, दोन्ही दणकट. १२० मालिकेच्या प्राडोत ३.० लिटरचं डी-फोरडी (टोयोटाचं डिझेल) इंजिन, पजेरोत ३.२ लिटरचं. ताकदीवरून भांडण नको. खरा फरक सांगाड्यात आहे.

प्राडो लॅडर चॅसीवर, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या पोलादी सांगाड्यावर उभी, मागे दोन्ही चाकांना जोडणारा सलग ॲक्सल. पजेरोला १९९९ पासून वेगळी चॅसीच नाही, सांगाडा बॉडीतच; चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. रिकामी चालवायला पजेरो जास्त सुखाची. पण मागे जड ट्रेलर लागला की मला प्राडोचाच भरवसा वाटतो.

पजेरोची सुपर सिलेक्ट पद्धत मात्र फार आवडते: कोरड्या रस्त्यावर टू-व्हील, ओला चढ आला की फोर-व्हील. प्राडो कायम चारही चाकांवर.

घेताना इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) नीट बघा, विशेषतः प्राडोचे. खालची तांब्याची वॉशर गळली तर काजळी ऑइलमध्ये उतरते, ऑइल पंपाची जाळी तुंबते आणि इंजिन जातं. प्राडोचा टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा) कधी बदलला, तेही विचारा. पजेरोला त्या जागी चेन असते, तिचा खडखडाट थंड इंजिन चालू करून ऐका.

ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल हुंगा. जळका वास आला तर त्या गाडीने आधीच बरंच ओझं ओढलेलं असू शकतं. ती सोडून द्या.