इन्फ्रारेड सॉनाचे पॅकेज घेण्यापूर्वी हे वाचा : ४८,५८२ रुपयांची फसवणूक

बेळगावात गेल्या डिसेंबरात एका वेलनेस सेंटरने इन्फ्रारेड सॉनाच्या, म्हणजे बंद कॅबिनमध्ये बसवून अदृश्य उष्णता-किरणांनी अंग शेकण्याच्या, चाळीस सत्रांचे पॅकेज आमच्या गळ्यात मारले, थोडी सत्रे कशीबशी उरकली आणि उन्हाळा लागण्याआधी शटर ओढून पोबारा केला. आता फलक उतरला आहे आणि एकही फोन लागत नाही. खात्यातून मात्र दरमहा ३,४२० रुपयांचा हप्ता नेमाने जातो आहे आणि शेवटचा हप्ता जाईल तेव्हा आमचे एकूण ४८,५८२ रुपये गेलेले असतील. खानापूर, निपाणी आणि पलीकडच्या चंदगड भागातील माणसेही माझ्यासोबत सेंटरच्या बाकावर आपल्या पाळीची वाट पाहत बसलेली असत. त्यांतील अनेकजण संकोचाने घरातही बोललेले नाहीत, म्हणून मी हे उघडपणे लिहीत आहे.

माझ्या पत्नीचे गुडघे गेली काही वर्षे दुखतात आणि बेळगावच्या पावसाळ्यानंतरच्या गारठ्यात तो त्रास वाढतो. अशा वेळी शुद्ध मराठीत छापलेले पत्रक दारात आले, त्यावर ‘आपल्या माणसांसाठी खास सवलत’ असे लिहिलेले होते, तर त्याकडे पाहू नये असे कोणी म्हणू शकेल का? ज्या शहरात सरकारी कागद आपल्या भाषेत मिळावा म्हणून अर्ज करावे लागतात, तिथे मराठीतून आदराने बोलणारा माणूस लगेच जवळचा वाटतो, हे त्या टोळीला नेमके ठाऊक होते. काउंटरवरील तरुणी पत्नीला म्हणाली, “काकू, काय काळजी करू नकासा, आपलीच माणसं की आम्ही.” प्रत्यक्ष सहीचा करार मात्र बारीक इंग्रजीत होता. पत्रक मराठीत आणि करार परक्या भाषेत असेल, तर सही करण्याआधी तो घरी आणून कोणाकडून तरी वाचून घ्या. घरी नेऊ देत नसतील तर तिथून उठा.

पॅकेजची मूळ किंमत ४८,००० रुपये, ‘आजच्या आज’ घेतल्यास ३६,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६,४८० रुपये, असा हिशेब त्यांनी मांडला. कराची रक्कम त्यांनी जागेवरच यूपीआयने घेतली आणि उरलेले ३६,००० रुपये ३,००० रुपयांच्या बारा ‘बिनव्याजी’ हप्त्यांत फेडायचे ठरले. शारीरिक आरोग्याच्या अशा सेवांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आलेला होता, म्हणजे कायद्याने कर होत होता १,८०० रुपये. पावतीवरील जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता. कर्नाटकाचा संकेतांक २९ आहे आणि २७ महाराष्ट्राचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकल्यावर नोंदणी रद्द झाल्याचे दिसले आणि व्यवसाय होता तयार कपड्यांचा. ही तपासणी मोबाईलवर दोन मिनिटांत होते आणि ती पैसे देण्यापूर्वी करायची असते.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आहे आणि त्यामुळेच पुढची गोष्ट मला सर्वांत जास्त जाळते. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडे तापमापी ठेवला आणि डोळ्यांना जिथे काहीच दिसत नाही तिथे पारा अधिक चढला, हा प्रयोग मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. असे असताना कॅबिनमधील लाल दिव्यांच्या पट्टीकडे बोट दाखवून ‘हे बघा इन्फ्रारेड किरण’ असे ते म्हणाले तेव्हा मी गप्प राहिलो. त्याला कारण होते. फिजिओथेरपीत वापरतात ते २५० वॅटचे उष्णतेचे दिवे इन्फ्रारेडसोबत थोडा तांबडा प्रकाशही देतात आणि पत्नीने तो शेक पूर्वी घेतलेला होता, त्यामुळे लाल उजेड पाहून मला शंका आली नाही. परंतु यांच्या पत्रकात कार्बन पॅनेलमधून मिळणाऱ्या ‘फार इन्फ्रारेड’ (इंग्रजी ‘फार’, म्हणजे दृश्य प्रकाशापासून दूरच्या इन्फ्रारेडच्या) उष्णतेचा दावा होता आणि तसे पॅनेल चालू असताना उजेड देत नाही. तो लाल उजेड निव्वळ शोभेच्या एलईडीचा होता.

त्याहून स्पष्ट क्षण पुढे आला. पत्नीचा रुमाल कॅबिनमधील बाकाखाली पडला आणि तो काढण्यासाठी मी वाकलो, तेव्हा फळीआड एक साधा रूम हीटर दिसला. जाळीमागे तापलेली कॉइल होती, मागे पंखा फिरत होता, थंडीच्या दिवसांत बाजारात कोणत्याही विजेच्या दुकानात मिळतो तसाच. मी विचारले तेव्हा सेवक जराही न अडखळता म्हणाला, “काका, तो प्रीहीटर आहे, पॅनेल तापेपर्यंत लावतो.” त्या उत्तरानंतर मी फक्त भिंतीतील पॅनेलजवळ हात धरायला हवा होता. इन्फ्रारेड कॅबिनमधील हवा साधारण ४५ ते ६० अंशांपर्यंतच तापते, तापलेल्या हवेने शेकणाऱ्या फिनलंडच्या पारंपरिक सॉनापेक्षा बरीच कमी, कारण इथे उष्णता हवेतून नव्हे तर थेट पॅनेलकडून अंगाला मिळणे अपेक्षित असते. पॅनेल खरे असेल तर त्याला स्पर्श न करता, चार बोटे अंतरावर तळहात धरला तरी ऊब जाणवते. आमच्या कॅबिनमध्ये पोटऱ्या भाजत होत्या आणि पाठीमागचे पॅनेल गार होते. पत्नी तसे म्हणालीही होती, पण दार बंद होते, वेळ मोजली जात होती, बाहेर रांग होती आणि समोरचा माणूस अदबीने बोलत होता. अशा ठिकाणी भांडण काढणे आपल्या पिढीच्या अंगी नाही आणि त्यांचा सगळा डाव त्याच भिडेवर उभा होता.

इन्फ्रारेड सॉना हा प्रकारच थोतांड आहे, असे माझे म्हणणे नाही. उबेने स्नायू सैलावतात, अंग हलके वाटते, आणि जपानमध्ये चुवा तेई यांनी विकसित केलेल्या ‘वाओन’ पद्धतीत ६० अंशांवर १५ मिनिटे बसवून, नंतर अर्धा तास पांघरुणात विश्रांती देऊन हृदयविकाराच्या रुग्णांवरही उपचार झालेले आहेत. पण तो उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतो. आमच्या सेंटरमध्ये पत्नीला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का, हेही कोणी विचारले नाही. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो, त्यामुळे ती बाहेर येताच तिला घेरी आली, आणि त्यावर ‘शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडत आहेत’ असे सांगून तिला लिंबूपाणी देण्यात आले. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. रक्त शुद्ध ठेवण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, आणि सत्रानंतर काट्यावर कमी झालेले वजन दोन-तीन पेले पाणी प्यायल्यावर परत येते. भिंतीवर फिनलंडमधील संशोधनाची चौकट लावलेली होती. ते संशोधन खरे आहे, २०१५ साली प्रसिद्ध झाले आणि त्यात २,३१५ पुरुषांचा अभ्यास आहे, परंतु तो तिथल्या पारंपरिक सॉनाचा आहे, इन्फ्रारेडचा नव्हे. त्याच भिंतीवर मधुमेह, रक्तदाब, संधिवात आणि लठ्ठपणा बरा होण्याची हमी होती. जे विकार बरे करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने बंदी आहे, त्यांच्या यादीत हे चारही आहेत. अशी हमी भिंतीवर दिसली की पाऊल मागे घ्या.

पहिला हप्ता ३,००० ऐवजी ३,४२० रुपये गेला, शिवाय प्रक्रिया शुल्क म्हणून १,०६२ रुपये कापले गेले. तेव्हा कळले की आम्ही सेंटरला हप्ते देत नव्हतोच. माझ्या नावावर एका वित्तसंस्थेचे कर्ज काढलेले होते, त्याची पूर्ण रक्कम सेंटरला पहिल्याच आठवड्यात मिळालेली होती आणि ‘नावनोंदणीसाठी’ म्हणून माझ्याकडून घेतलेला ओटीपी हा त्या कर्जाला दिलेला होकार होता. बारा हप्त्यांत ५,०४० रुपये व्याज, म्हणजे वर्षाला सुमारे २५ टक्के. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेले आहे. कर्जापूर्वी एकूण खर्च दाखवणारे मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक आहे. ते मागा, आणि दुसऱ्याच्या हातात मोबाईल देऊन ओटीपी टाकू देऊ नका.

यानंतर दाद मागण्याचा जो अनुभव आला तो फसवणुकीइतकाच संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात प्रथम सांगण्यात आले की हा दिवाणी व्यवहार आहे. पावती दाखवल्यावर सूर बदलला. क्रमांक महाराष्ट्राचा आहे, तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात उत्तर मिळाले की पैसे कर्नाटकात दिले, घटना कर्नाटकात घडली, आमचा संबंध नाही. इकडे पुन्हा आलो तर तक्रार कन्नडमध्ये लिहून आणा, असे सांगून ती घेतली आणि पोच दिली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घेणे आणि नोंदीची प्रत विनामूल्य देणे भाग आहे, हे मी नम्रपणे सांगितले, तेव्हा ‘तुम्ही वकील आहात का’ असा प्रश्न आला. आरोग्य खात्याच्या कार्यालयात म्हणाले की हे रुग्णालय नाही. व्यवसाय परवान्याच्या टेबलावर म्हणाले की परवाना ब्युटी पार्लरचा आहे, आत काय चालते ते आम्ही पाहत नाही. वित्तसंस्थेने लिहून कळवले की सेवा बंद झाली तरी कर्जफेड बंद होत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंची कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवत राहतात, आणि ज्या माणसाने २७ चा क्रमांक छापून २९ च्या प्रदेशात दुकान थाटले त्याने हे सगळे आधीच हिशेबात धरलेले असणार. आपली भाषा, आपले वय आणि आपली हद्द, या तिन्ही गोष्टी त्याने आमच्याविरुद्ध वापरल्या आणि एकाही अधिकाऱ्याला त्याची चाड वाटली नाही.

आता मी वित्तसंस्थेकडे लेखी तक्रार दिली आहे. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. हप्ता रागाने परस्पर थांबवू नका, क्रेडिट स्कोअर आपलाच बिघडतो. ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे विक्रेता कोणत्या राज्यात नोंदलेला आहे हा वाद तिथे आड येत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ज्यांच्याकडे २७ ने सुरू होणारी तशीच पावती असेल त्यांनी ती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, कर्जाचे विवरण आणि ते मराठी पत्रक जपून ठेवावे. पत्रक फेकून दिले असेल तर शेजाऱ्यांकडे विचारा, कारण हमीचा तो एकमेव छापील पुरावा आहे आणि आयोगापुढे अनेकांच्या पावत्या एकत्र आल्या तर हा एकट्या माणसाचा गैरसमज होता असे कोणाला म्हणता येणार नाही.