राजारामपुरीतील शोभिवंत माशांचे दुकान: टाक्या उत्तम, एका पाटीला हरकत

गप्पी, मॉली आणि गोल्डफिशसाठी कोल्हापुरात दुकानांची कमतरता नाही. राजारामपुरीतील हे दुकान लक्षात राहते ते आतल्या खोलीतील खाऱ्या पाण्याच्या टाक्यांमुळे. काचेवर शेवाळ नाही, पाण्याला वास नाही, आणि क्षारता विचारली तर मालक तोंडी आकडा न सांगता रिफ्रॅक्टोमीटर आपल्या हातात देतात.

हरकत आहे ती ‘टाकी साफ ठेवणारा मासा’ या पाटीला. तिच्याखाली पोहणारा, निळसर अंगावर शेपटीकडे रुंद होत जाणारा काळा पट्टा असलेला, बोटाएवढा मासा म्हणजे क्लीनर रास. तो टाकी नव्हे, इतर मासे साफ करतो. तांबड्या समुद्रापासून पॉलिनेशियापर्यंतच्या प्रवाळांवर त्याची जागा ठरलेली असते. तेथे त्याच्याहून कितीतरी मोठे मासे तोंड आणि कल्ले उघडून थांबतात आणि हा त्यांच्या अंगावरचे, गोचिडांसारखे रक्त पिणारे बारीक कवचधारी परजीवी टिपतो. ग्रेट बॅरिअर रीफवरील एका अभ्यासात असा एक मासा दिवसाला सुमारे १२०० परजीवी खातो असे आढळले. घरच्या टाकीत एवढे खाद्य येणार कोठून? त्यातच, मोकळीक मिळाली तर त्याला परजीवींपेक्षा माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर अधिक रुचतो. समुद्रात असा लचका बसलेला मासा दुसरीकडे निघून जातो. येथील क्लाउनफिशला ती सोय नाही. रास शेपूट पसरून डोलत जवळ आला की तो दगडाच्या खाचेत शिरतो, आणि रास तेथेही पोहोचतो.

विक्रीला ठेवलेला हा मासा एकटाच आहे, हेही खटकते. ही जात एक नर आणि अनेक माद्या अशा गटाने राहते. नर गेला की सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत खरोखर नर होते. गट असा सावरतो. प्रवाळावरचे सगळेच रास काढून घेतले तर मात्र तेथील इतर माशांची संख्या आणि विविधता घटते, हे प्रयोगांतून दिसले आहे.

मालकांना विचारले तेव्हा त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले की बारीक केलेली कोलंबी हा मासा कधी खातो, कधी तिच्याकडे पाहतही नाही. हेच त्यांनी पाटीवर लिहावे. मीठ, पंप आणि सल्ला येथूनच घ्यावा. हा मासा मात्र लहान टाकीवाल्याने घेऊ नये आणि दुकानानेही त्याला देऊ नये.